जन्मजात मूत्रपिंडदोष आणि दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया

वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या आकड्यांबरोबर एखाद्या वैद्यकीय विषयाची माहिती सोप्या भाषेत द्यावी, असा आमचा प्रयत्न असतो. ज्या कार्याला आपण हातभार लावता त्याचे स्वरूप आपणास कळावे आणि रुग्णांच्या आप्तांनाही त्याचा उपयोग व्हावा, हा त्यामागील हेतू. यंदा आम्ही बालकांमधील जन्मजात मूत्रपिंडदोष आणि त्यांवरील दुर्बिणीद्वारे होणारी शस्त्रक्रिया हा विषय निवडला आहे.

‘दुर्बिणीची शस्त्रक्रिया’ म्हटले की लहानसे छिद्र, थोडे टाके आणि लवकर घरी जाणे, एवढेच बहुतेकांच्या मनात येते. हे फायदे खरे आहेत. परंतु बालकाचे मूत्रपिंड वाचते ते छिद्र लहान असल्यामुळे नव्हे. दोष वेळेवर ओळखला जाणे, योग्य वेळी योग्य निर्णय होणे आणि शस्त्रक्रियेनंतरची देखरेख शेवटपर्यंत पार पडणे, या तीन गोष्टींवर ते अवलंबून असते. हेच या लेखात सांगायचे आहे.

मूत्रपिंडाची जडणघडण

मूत्रपिंडे गर्भाच्या ओटीपोटात तयार होऊ लागतात आणि गर्भावस्थेच्या सुमारे सहाव्या ते नवव्या आठवड्यांत वर सरकत आपल्या कायमच्या जागी येतात. प्रत्येक मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म एककांची संख्या सरासरी दहा लाखांच्या आसपास असते. गर्भावस्थेच्या साधारण छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत ही सर्व एकके तयार होतात. त्यानंतर आयुष्यात नवी एकके निर्माण होत नाहीत. जी एकके नष्ट होतात ती कायमचीच. पुढील सर्व विवेचनाचा पाया हे एकच सत्य आहे.

या गुंतागुंतीच्या घडणीत कुठे एखादा टप्पा चुकला की दोष निर्माण होतो. हजार-दोन हजार व्यक्तींत एखादी व्यक्ती एकच मूत्रपिंड घेऊन जन्माला येते. साधारण पाचशेत एकाची दोन्ही मूत्रपिंडे खालच्या टोकांशी जोडली जाऊन घोड्याच्या नालेसारखा आकार तयार होतो. काहींच्या एका मूत्रपिंडातून दोन मूत्रनलिका निघतात. काहींचे एक मूत्रपिंड द्राक्षांच्या घोसासारख्या पाणफोडांनी भरलेले आणि निकामी असते. यांतील पुष्कळ व्यक्ती कसलाही त्रास न होता पूर्ण आयुष्य जगतात, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. सोनोग्राफीच्या कागदावर असा एखादा शब्द दिसला म्हणून शस्त्रक्रिया अटळ आहे, असे मुळीच नाही.

शस्त्रक्रियेची गरज सर्वांत जास्त वेळा ज्या दोषासाठी भासते, तो म्हणजे मूत्रपिंड आणि मूत्रनलिका यांच्या सांध्यावरील अडथळा. मूत्रपिंडात तयार झालेले मूत्र प्रथम एका नरसाळ्यासारख्या पिशवीत जमते आणि तेथून बारीक नलिकेवाटे मूत्राशयात उतरते. नरसाळे आणि नळी जिथे जुळतात तो भाग जन्मतःच अरुंद असेल, तर मूत्र तुंबते, पिशवी फुगते आणि मागील दाबामुळे मूत्रपिंडाचा गर हळूहळू पातळ होत जातो. हा दोष साधारण हजार ते दीड हजार जन्मांमागे एका बालकात आढळतो. मुलींपेक्षा मुलांत आणि उजवीपेक्षा डाव्या बाजूस त्याचे प्रमाण अधिक असते.

दुखत नाही म्हणून दिसत नाही

‘बाळ हसते-खेळते आहे, अंगावर पिते आहे, वजनही वाढते आहे, मग शस्त्रक्रिया कशासाठी?’ हा प्रश्न आम्हांस माता-पित्यांकडून वारंवार विचारला जातो आणि तो रास्त आहे. दुसरे मूत्रपिंड निरोगी असले की ते सारा भार उचलते. रक्ततपासणी निर्दोष येते, लघवी नेहमीसारखी होते. आजारी मूत्रपिंड मात्र कसलीही तक्रार न करता क्षीण होत राहते.

मोठ्या मुलांत चित्र थोडे निराळे असते. काहींच्या सांध्यावरून एक रक्तवाहिनी आडवी गेलेली असते आणि नळी तिच्यावर मुडपली जाते. मग अधूनमधून बरगडीखाली तीव्र कळा येतात, उलट्या होतात आणि काही तासांत सारे शांत होते. जंत झाले, अपचन झाले, शाळा चुकवण्याचा बहाणा आहे, असे समजून वर्षे निघून जातात. दोन कळांच्या मधल्या काळात केलेली सोनोग्राफी कधीकधी निर्दोषही दिसते. म्हणून अशा मुलाची सोनोग्राफी शक्यतो दुखत असतानाच करून घ्यावी, असे आम्ही सुचवितो.

आज बहुतेक दोष प्रथम दिसतात ते गर्भावस्थेत, अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास होणाऱ्या सोनोग्राफीत. शंभर गर्भांपैकी एक ते पाच गर्भांत मूत्रपिंडाला कमी-अधिक सूज दिसते. त्यांपैकी बहुसंख्य बालकांची सूज उपचारांवाचून ओसरते. उरलेल्या थोड्यांचे काय होते, हा खरा प्रश्न आहे.

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. सोनोग्राफी सासरच्या गावाजवळ होते, प्रसूती माहेरच्या तालुक्यात होते आणि सूज नोंदविलेला कागद या दोहोंच्या मध्ये कुठेतरी राहून जातो. बाळ गुटगुटीत जन्मले की त्या कागदाची आठवणही कोणाला राहत नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने लहान मुलांच्या तपासणीचे मोठे काम उभे केले. त्यासाठी निश्चित केलेल्या जन्मजात दोषांच्या मूळ यादीत दुभंगलेला ओठ, वाकडे पाऊल, हृदयदोष, मोतीबिंदू, बहिरेपणा अशा नऊ दोषांचा समावेश होता. मूत्रपिंडाचा दोष त्यांत नव्हता. बाहेरून पाहून किंवा स्टेथोस्कोप लावून तो सापडणे कठीण. तो सांगणारा साक्षीदार म्हणजे बहुधा सोनोग्राफीचा तो कागदच.

वाट पाहणे हाही उपचार

गर्भावस्थेत सूज दिसली असेल तर जन्मानंतर पहिल्या अठ्ठेचाळीस तासांनंतर सोनोग्राफी करणे योग्य ठरते. पहिल्या दोन दिवसांत बाळाच्या शरीरात पाणी कमी असल्याने सूज प्रत्यक्षाहून कमी दिसू शकते. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. मुलाच्या दोन्ही मूत्रपिंडांना सूज असेल, मूत्राशय भरलेले राहत असेल किंवा लघवीची धार थेंबथेंब होत असेल, तर मूत्रमार्गात जन्मजात पडदा असण्याची शक्यता असते. तिथे एक दिवसही दवडता येत नाही.

एका बाजूची सूज लक्षणीय असल्यास बाळ चार ते सहा आठवड्यांचे झाल्यावर आयसोटोप रेनोग्राम ही तपासणी केली जाते. अत्यल्प किरणोत्सारी औषध शिरेतून देऊन ते दोन्ही मूत्रपिंडांतून कसे वाहते, हे कॅमेऱ्याने पाहतात. सोनोग्राफी मूत्रपिंडाचा आकार दाखवते, तर ही तपासणी त्याचे काम मोजते. दोन मूत्रपिंडांनी काम निम्मे-निम्मे वाटून घेणे अपेक्षित असते. अडथळा असलेल्या मूत्रपिंडाचा वाटा चाळीस टक्क्यांखाली आला, पुढील तपासणीत तो दहा टक्क्यांहून अधिक घसरला, सूज वाढत गेली, वारंवार जंतुसंसर्ग वा वेदना होऊ लागल्या, तर शस्त्रक्रियेचा निर्णय घेतला जातो. यांपैकी काही नसेल तर ठरावीक अंतराने तपासणी करीत वाट पाहणे हाच उपचार होय. पुष्कळ बालके या वाटेनेच बरी होतात.

वाट पाहण्याचा उपचार दिसावयास सोपा, पण पार पाडावयास कठीण आहे. त्यात टाके नाहीत, औषधे जवळजवळ नाहीत. केवळ ठरल्या तारखेला परत येणे आहे. आणि नेमके तेच राहून जाते.

शस्त्रक्रियेची वाटचाल

अरुंद सांधा कापून काढून नरसाळे व नळी पुन्हा रुंद तोंडाने जोडण्याची जी पद्धत आजही प्रमाण मानली जाते, ती इंग्लंडमधील शेफिल्ड येथील अँडरसन आणि हाइन्स या शल्यचिकित्सकांनी १९४९ साली मांडली. त्यासाठी बरगडीखाली छेद घेऊन मूत्रपिंडापर्यंत पोहोचावे लागे. ही शस्त्रक्रिया अत्यंत यशस्वी ठरली. प्रश्न होता तो स्नायू कापण्याचा, वेदनेचा आणि आयुष्यभर राहणाऱ्या व्रणाचा.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमतन उदवाडिया यांनी १९९० साली दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची भारतातील पहिली शस्त्रक्रिया केली. त्याच वर्षी अमेरिकेत सेंट लुइस येथे डॉ. राल्फ क्लेमन यांनी दुर्बिणीद्वारे प्रथमच संपूर्ण मूत्रपिंड काढले. १९९३ साली अमेरिकेतील दोन शल्यचिकित्सक गटांनी अरुंद सांधा दुर्बिणीतून दुरुस्त केल्याचे प्रसिद्ध केले आणि त्यानंतर दोन वर्षांतच ही पद्धत बालकांपर्यंत पोहोचली. अवयव काढणे आणि अवयव जोडणे यांत मोठा फरक आहे. जोडण्यासाठी बंद पोकळीत, पडद्याकडे पाहत, केसासारख्या धाग्याने टाके घालावे लागतात. ही विद्या शल्यचिकित्सकाला वर्षानुवर्षांच्या सरावानेच येते.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया अशी होते. पूर्ण भूल दिल्यावर बालकाला कुशीवर कलते ठेवतात. बेंबीजवळच्या छोट्या छिद्रातून कॅमेऱ्याची नळी आत जाते. पोटात कार्बन डाय-ऑक्साइड वायू मोजक्या दाबाने भरून काम करण्यापुरती जागा केली जाते. आणखी दोन छिद्रांतून तीन ते पाच मिलिमीटर जाडीची उपकरणे आत जातात. आतड्याचा भाग बाजूला सारून सांधा मोकळा करतात, अरुंद तुकडा काढून टाकतात, नळीचे तोंड उभे चिरून रुंद करतात आणि ते पिशवीला शिवतात. आडवी रक्तवाहिनी असल्यास ती न तोडता जोड तिच्या पुढच्या बाजूस आणतात. जोड सुकेपर्यंत मूत्र सुरळीत वाहावे म्हणून आत ‘डीजे स्टेंट’ नावाची मऊ नळी ठेवली जाते. या सर्व वेळात भूलतज्ज्ञाची जबाबदारी शल्यचिकित्सकाइतकीच मोठी असते. कारण वायूच्या दाबाने बालकाचा श्वासपटल वर ढकलला जातो आणि तो वायू काही प्रमाणात रक्तातही शोषला जातो.

साधारणतः दोन-तीन दिवसांत बालक घरी जाऊ शकते. वेदना कमी असल्याने वेदनाशामक औषधे कमी लागतात, मूल लवकर चालू-फिरू लागते. रोजंदारीवर जगणाऱ्या मातेला रुग्णशय्येशेजारी कमी दिवस काढावे लागतात, हा लाभही आम्ही गौण मानीत नाही.

जिथे दुर्बीण लागत नाही

दुर्बीण उपलब्ध आहे म्हणून ती प्रत्येक बालकावर वापरावी, असे आम्ही मानीत नाही. काही महिन्यांच्या तान्ह्या बाळाच्या पोटात जागाच इतकी थोडी असते की लहानशा छेदातून केलेली पारंपरिक शस्त्रक्रिया तितकीच सुखकर आणि वेळेत कमी असते. दोन्ही पद्धतींत यशाचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक आहे. जसजसे मूल मोठे, तसतसा दुर्बिणीचा फायदा अधिक स्पष्ट होत जातो. कोणती पद्धत निवडली आणि का, हे पालकांनी मोकळेपणाने विचारावे. उत्तर मिळणे हा त्यांचा हक्क आहे.

काही दोषांत याहूनही कमी छेद पुरतो. मूत्रमार्गातील पडदा नैसर्गिक मार्गानेच बारीक दुर्बीण घालून काढला जातो. शरीरावर एकही छेद लागत नाही. मूत्राशयातून मूत्र उलटे वर चढत असेल तर निवडक बालकांत नलिकेच्या मुखाशी जेलसारखे द्रव्य टोचून ते रोखता येते. निकामी मूत्रपिंडामुळे रक्तदाब वाढत असेल किंवा वारंवार संसर्ग होत असेल, तर ते दुर्बिणीतून काढता येते. पाणफोडांनी भरलेले निकामी मूत्रपिंड मात्र बहुधा आपोआप आक्रसत जाते. त्याला हात न लावणेच हिताचे ठरते. घोड्याच्या नालेसारख्या मूत्रपिंडाला त्रास नसेल तर कोणतीही शस्त्रक्रिया लागत नाही.

नळी काढल्याशिवाय उपचार पूर्ण नाही

शस्त्रक्रियेच्या वेळी ठेवलेली डीजे स्टेंटची नळी साधारण चार ते सहा आठवड्यांनी काढावी लागते. त्यासाठी बालकाला पुन्हा थोड्या वेळाची भूल देऊन मूत्रमार्गातून दुर्बिणीने ती ओढून घेतात. काम काही मिनिटांचे, पण टाळता न येणारे. नळी महिनोन्‌महिने आत राहिली तर तिच्यावर क्षार साचतात, खडे होतात, संसर्ग जडतो. आणि जे मूत्रपिंड वाचविण्यासाठी एवढा खटाटोप केला, तेच पुन्हा धोक्यात येते.

ही नळी बाहेरून दिसत नाही. मूल बरे झालेले असते, टाके सुकलेले असतात. दसरा-दिवाळीनंतर मराठवाड्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी कारखान्यांच्या वाटेला लागतात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. अशा कुटुंबातील मुलाची तारीख त्या काळात आली, तर ती चुकणे स्वाभाविकच आहे. त्यात हलगर्जी नसते; पोटाचा प्रश्न असतो. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख ठरवितानाच नळी काढण्याची तारीख कुटुंबाच्या सोयीने ठरवावी लागते. ती मोठ्या अक्षरांत घरी जाण्याच्या कागदावर लिहावी लागते, नळी ठेवलेल्या प्रत्येक बालकाची स्वतंत्र नोंदवही ठेवावी लागते आणि तारीख जवळ आली की फोन करावा लागतो. फोन लागला नाही तर गावच्या आशा स्वयंसेविकेपर्यंत निरोप पोहोचवावा लागतो. ही कामे शस्त्रक्रियागृहात होत नाहीत. तरी ती शस्त्रक्रियेचाच भाग आहेत.

नळी निघाल्यानंतरही काही महिन्यांनी सोनोग्राफी व आवश्यकतेनुसार रेनोग्राम करावा लागतो. जुनी फुगलेली पिशवी लगेच पूर्ववत होत नाही. सूज ओसरण्यास दीर्घ काळ लागतो. कागदावर ‘सूज’ हा शब्द अजून दिसतो म्हणून शस्त्रक्रिया फसली, असे पालकांनी समजू नये.

देणगी कोठे लागते

मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात. शासकीय आरोग्य योजनांमुळेही शस्त्रक्रियेचा खर्च पुष्कळदा भागतो. तेव्हा देणगीदारांच्या मनात प्रश्न येणे साहजिक आहे की, मग आमच्या देणगीची गरज कोठे?

गरज शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर आहे. रेनोग्रामची सोय मोठ्या शहरांतच असते. तेथवर जाण्या-येण्याचे भाडे, दोन दिवसांची बुडालेली मजुरी आणि घरी राहिलेल्या भावंडांची व्यवस्था कोणत्याही योजनेच्या यादीत सहजी बसत नाही. दुसऱ्या, तिसऱ्या फेरीच्या वेळी हाच खर्च डोंगराएवढा वाटू लागतो. बालकांसाठी लागणारी तीन मिलिमीटर जाडीची उपकरणे नाजूक असतात. ती खरेदी करण्याइतकेच त्यांची निगा राखणे खर्चिक असते. नोंदवही ठेवणारी, फोन करणारी, पालकांना समजावून सांगणारी समाजसेविका हीदेखील एखाद्या यंत्राइतकीच आवश्यक असते. परंतु तिच्या नावाची पाटी भिंतीवर लावता येत नाही.

यंत्रासाठी दिलेली देणगी डोळ्यांना दिसते आणि तिचे मोल आम्ही जाणतो. परंतु एखाद्या मुलाच्या परतीच्या फेरीसाठी दिलेले प्रवासभाडे त्या यंत्राने केलेले काम वाया जाऊ देत नाही. विश्वस्त मंडळाने आणि देणगीदारांनी निधीचा विचार करताना या दोन्ही गोष्टी एकाच कार्याच्या दोन बाजू मानाव्यात, अशी आमची नम्र विनंती आहे.

पालकांस चार शब्द

गर्भावस्थेतील सोनोग्राफीचे सर्व कागद जपून ठेवावेत आणि प्रसूतीसाठी जेथे जाल तेथे सोबत न्यावेत. मूत्रपिंडाच्या सुजेचा उल्लेख असल्यास तो बालरोगतज्ज्ञांच्या निदर्शनास स्वतःहून आणून द्यावा. तान्ह्या बाळाला कारण न समजणारा ताप आल्यास लघवीची तपासणी करून घ्यावी. मोठ्या मुलाच्या कुशीत वारंवार कळ येऊन उलट्या होत असतील तर ते अंगावर काढू नये. शस्त्रक्रिया झाली असल्यास आत नळी आहे की नाही, ती केव्हा काढावयाची, हे घरी निघण्यापूर्वी विचारून लिहून घ्यावे आणि घरातील किमान दोघांना ते ठाऊक असावे.

बालकाच्या अंगावरील व्रण काही वर्षांत दिसेनासा होईल. त्याच्या मूत्रपिंडाला मात्र पुढील साठ-सत्तर वर्षे काम करावयाचे आहे. त्या दीर्घ कालावधीची तजवीज बालपणीच्या काही महिन्यांत करता येते. आपल्या साहाय्याने ती अधिकाधिक बालकांसाठी होत राहो, ही अपेक्षा.